नापास खोपे

एका जंगलात, मुलांनो, एक गाढव राहत होतं. जातीनं ते साळिंदर होतं, पण कामानं गाढव. ते साळिंदर म्हणजे मी.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे गोष्ट ऐकताना तुम्हाला गाढव शोधत बसावं लागणार नाही. बोधकथा सांगणारे बहुतेक जण स्वतः उंच झाडावर बसतात आणि सगळा गाढवपणा खालच्यांच्या नावावर खपवतात. मला झाडावर चढता येत नाही.

माझ्या पाठीवर काटे आहेत. एखादा काटा गळला की त्याची छान लेखणी होते. एवढ्यावरून जंगलानं ठरवलं, की मी लेखक आहे. मीही ते लगेच मान्य केलं. काटा तुझा, पण अक्कल कुणाची, असं मला कुणी विचारलं नाही.

आमच्या जंगलात एक तळं होतं. तळ्याच्या काठी एकच बाभूळ होती, पाण्यावर ओणवी झालेली. ही बाभूळ लक्षात ठेवा. मागे बसून खोड्या काढणाऱ्यांनीही लक्षात ठेवा. पुढे तिचं काम आहे.

तर एके दिवशी पलीकडच्या जंगलातून सुगरण पक्ष्यांची अकरा जोडपी आली. तिथल्या राजाला सकाळी फिरायला मोकळी जागा हवी होती, म्हणून त्यानं तिथलं तळं बुजवलं आणि काठच्या बाभळी तोडल्या. बाभळींवर या पक्ष्यांचे खोपे होते. झाडांबरोबर खोपे गेले. आता ते सगळे आमच्याकडे निर्वासित म्हणून आले होते.

आमचं जंगल फार कनवाळू. आम्ही ताबडतोब सभा भरवली. सभा तीन दिवस चालली. तोवर ती अकरा जोडपी, परवानगीशिवाय दुसऱ्या झाडाला शिवायचं नाही म्हणून, एका वाळक्या उंबराच्या ढोलीत अंग चोरून बसली होती. त्यांना सभेला बोलवायचं राहून गेलं. सभा त्यांच्याविषयी होती ना, आणि विषयाला सभेत बोलवायची आमच्याकडे पद्धत नाही.

सभेच्या अध्यक्ष होत्या नीलगायबाई. त्यांना सगळे नीलाताई म्हणत. नीलाताई मनानं खरोखर चांगल्या होत्या. हे मी अजूनही म्हणतो, कारण पुढे जे घडलं ते ऐकून तुम्ही म्हणणार नाही.

“त्यांना भीक द्यायची नाही,” नीलाताई म्हणाल्या. “काम द्यायचं. त्यांच्या हातात एखादी कला असेलच. गरिबांच्या हातात असतेच.”

“पक्ष्यांना हात नसतात,” मागून कुणीतरी म्हणालं.

“मग पायात असेल,” नीलाताई म्हणाल्या. टाळ्या पडल्या.

लगेच ‘सुगरण स्वावलंबन मंडळ’ स्थापन झालं. नीलाताई अध्यक्ष आणि मी चिटणीस. पाटी रंगवून झाली. मग प्रश्न आला, की सुगरण नक्की काय काम करते?

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. लेखक ना मी! मी घसा साफ केला.

“सुगरण म्हणजे उत्तम स्वयंपाक करणारी बाई,” मी म्हणालो. “शब्दातच आहे.”

हसू नका. तुम्हाला तरी दुसरं काय सुचलं असतं? आपल्या भाषेत हा शब्द कानावर पडला की आधी पुरणपोळीच डोळ्यांसमोर येते.

मी ढोलीत गेलो. सगळ्यात पुढे एक मादी बसली होती. तिचं नाव हौसाबाई. तिच्या मागे तिचा नवरा सोपान होता, डोक्यावर पिवळाजर्द, आणि बोलायला अगदी कमी.

“बाई, आता तुम्हाला काळजी नाही,” मी म्हणालो. “मंडळ तुमच्या हातचं जेवण विकणार.”

“जेवान?” हौसाबाई म्हणाली. “आमी किडं खातो, दादा. आन् गवताचं बी.”

“पारंपरिक पदार्थ!” मी खूश होऊन म्हणालो आणि लिहून घेतलं.

ठरल्या दिवशी जंगलातले सगळे प्रतिष्ठित प्राणी पंगतीला बसले. मी पदार्थांची नावं सुंदर अक्षरात लिहून ठेवली होती. ‘माळरानाचा मेवा’ म्हणजे गवताचं बी. ‘कुरकुरीत हिरवी मेजवानी’ म्हणजे नाकतोडा. तो अजून हलत होता. नीलाताईंनी डोळे मिटले, घास गिळला आणि म्हणाल्या, “वेगळं आहे.” अस्वलानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. बाकीच्यांना एकाएकी घरची कामं आठवली.

मंडळ त्या दिवशीच बंद पडायचं. पण परत जाताना नीलाताई ढोलीपाशी थबकल्या. ढोलीच्या तोंडाशी काहीतरी टांगलेलं होतं. गवताच्या बारीक पात्यांची वीण, गोल, पोकळ, खालून उघडी.

“अय्या, हे कुणी केलं?”

सोपाननं केलं होतं. तीन दिवस नुसतं बसून त्याच्या चोचीला चैन पडेना, म्हणून. पण नीलाताईंनी उत्तरासाठी थांबायचं कारण नव्हतं. “हीच ती कला!” त्या म्हणाल्या. “मी म्हणत नव्हते?”

दुसऱ्या दिवशी मी फॉर्म घेऊन गेलो. फॉर्मात पहिलाच रकाना होता, ‘कारागीर भगिनीचं नाव’.

“म्या न्हाय विणत, दादा,” हौसाबाई म्हणाली. “ह्यो विणतो.”

“मग तुम्ही काय करता?”

“म्या नापास करती.”

मग तिनं मला त्यांची रीत समजावून सांगितली. नर अर्धा खोपा विणतो आणि थांबतो. मादी येऊन बघते. चोचीनं ओढून बघते, हिसडे देऊन बघते, आत बसून बघते. पसंत पडला तर नर त्याला खालची लांब नळी विणतो आणि संसार सुरू होतो. पसंत नाही पडला तर तो तसाच सोडायचा आणि दुसरा विणायला घ्यायचा. यात वाद घालायचा नसतो.

“ह्यानं माज्यासाटी पयल्या साली सात विणल्यालं,” हौसाबाई म्हणाली. सोपाननं मान खाली घातली.

मी पेचात पडलो. ‘सुगरण’ हा शब्दच बाईचा, ती सुगरण. पाटीवर ‘सुगरण भगिनी’ असं रंगवून झालं होतं. मंडळ बायकांसाठी होतं. विणणाऱ्या नराला म्हणायचं तरी काय? सुगरणा? सुगरणोबा? माझ्या पाठीवर इतक्या लेखण्या, पण एकीलाही तो शब्द येईना. शेवटी शब्द सापडेना म्हणून मी माणूसच बदलला. फॉर्मात लिहिलं, ‘हौसाबाई सोपान सुगरण, कारागीर’.

“तुम्ही ढोलीत आत बसून विणा,” मी सोपानला सांगितलं. “आणि कुणी आलं की गवत निवडत बसल्यासारखं करा.”

त्याचा फायदाही झाला. पाहुण्या बायका यायच्या, सोपानला गवत निवडताना बघायच्या आणि म्हणायच्या, “बाई, बाई, बायकोला कामात मदत करतो हो!” सोपानचं नाव चार कोसांवर गेलं, ते असं.

आता मंडळाकडे माल येऊ लागला. हा माल म्हणजे काय, हे तुमच्या लक्षात आलं का? हौसाबाईनं आणि बाकीच्या दहाजणींनी नापास केलेले खोपे. ज्यात राहता येणार नाही असा शेरा मिळालेलं प्रत्येक घर आम्ही शोभेचं म्हणून विकत होतो. वानर ते कापून आणायचे आणि तळ्याकाठच्या बाभळीला सुतळीनं बांधायचे. बाभूळ म्हणजे आमचं विक्री दालन. तिच्या बुंध्याला मीच पाटी लावली होती, ‘कृपया हात लावू नये’.

सुरुवातीला कुणी फिरकेना. मग नीलाताई मला म्हणाल्या, “साळिंदरभाऊ, नुसता खोपा कोण घेणार? त्याच्यामागची कहाणी हवी.”

मला दुसरं काय हवं होतं! मी काटा उपटला आणि चिठ्ठी लिहिली. ‘या खोप्याच्या प्रत्येक गाठीत एका बेघर मातेचा एकेक अश्रू विणलेला आहे.’ नीलाताईंनी चिठ्ठ्यांसाठी खास जाडसर, मऊ हातकागद मागवला, कारण साध्या कागदावर दुःख उठून दिसत नाही. प्रत्येक खोप्याला एक चिठ्ठी लटकली. आठवड्यात बाभूळ रिकामी झाली.

बिबळ्याच्या बायकोनं खोप्यात काजवे भरून गुहेत टांगला. अस्वलानं त्यात मध ठेवला आणि खालच्या भोकातून तो गळत राहिला, तरी त्यानं काढला नाही, कारण पाहुणे विचारत. ज्याच्या घरी खोपा नाही तो मागासलेला, असं होऊन बसलं. तुमच्याही घरात असा एखादा असेल. आईनं प्रदर्शनातून आणलेला. दारामागे बघा. धूळ झटका आणि चिठ्ठी वाचा. अक्षर ओळखीचं वाटलं तर मला सांगू नका.

निर्वासितांना काय मिळालं? रोज बाजरीचं एक कणीस, जोडप्याला. उपाशी कुणी राहिलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. छातीवर मला काटे नाहीत, म्हणून ते जमतं.

मग गिऱ्हाइकांच्या सूचना येऊ लागल्या. खोप्याचं तोंड वर हवं, म्हणजे फुलं ठेवता येतील. गोंडे हवेत. रंग जरा खुलता हवा. नीलाताईंनी कारागीर भगिनींसाठी प्रशिक्षण वर्ग ठेवला. शिकवायला पारवेसर आले. पारवे घर कसं करतात ते तुम्ही पाहिलंच असेल. कुठल्याही वळचणीला चार काड्या आडव्या टाकतात आणि त्यावर बसतात. पण पारवेसर बोलायचे फार छान. त्यांनी तीन दिवस ‘गाठ: एक दृष्टिकोन’ हा विषय घेतला.

“ह्ये कोन?” हौसाबाईनं मला हळूच विचारलं.

“तज्ज्ञ आहेत.”

“ह्यांची बायकू नापास करत न्हाय व्हय?”

शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली. ती मीच लिहिली होती, त्यामुळे मला वर्ग आवडला.

आता, मुलांनो, जरा नीट बसा. इथपर्यंत हसण्यासारखं होतं.

ज्येष्ठ लागला आणि हौसाबाईची अंडी घालायची वेळ आली. तिला स्वतःचा खोपा नव्हता. सोपान रोज विणत होता, ती रोज नापास करत होती, आम्ही रोज विकत होतो. नाइलाजानं तिनं उंबराच्या ढोलीतच, पाल्यावर, तीन अंडी घातली. चौथ्या दिवशी धामण आली. ढोलीला दार नसतं.

मी सकाळी गेलो तेव्हा हौसाबाई पाल्याकडे बघत होती. सोपान तिच्या शेजारी बसला होता आणि त्याच्या चोचीत गवताचं एक पातं होतं. ते त्यानं खालीही ठेवलं नव्हतं.

मला फार वाईट वाटलं. खोटं नाही सांगत. मी रडलो आणि मग लिहायला बसलो. क्रम असाच होता असं मला आठवतं. सोपान म्हणतो, आधी लिहायला बसलास.

काही दिवसांनी हौसाबाई स्वतः माझ्या बिळापाशी आली.

“दादा, माजं एक काम हाय. त्या बाभळीची एक फांदी द्या. पान्यावरची. शेंड्याची दिली तरी चालंल.”

“पण तिथे दालन आहे.”

“म्हून तर इचारती. पान्यावरच्या शेंड्याला धामन येत न्हाय. तिचं वजन फांदीला झेपत न्हाय. आमी उगा बाभळीवर ऱ्हातो व्हय?”

“मग तुम्ही रोज ते सगळे खोपे नापास करत होता, ते...”

“खोपा चांगला हाय, दादा. ह्येची वीण मला ठावं हाय. जागा नापास हाय. ढोलीत टांगल्याला खोपा म्या पास कसा करू?” मग ती थांबली आणि म्हणाली, “माजं दिस पुना भरत आल्यात. आता पुन्यांदा ढोलीत न्हाय घालायची मला.”

मी म्हणालो, “अर्ज करू.”

मी तिच्या नावानं अर्ज लिहिला. मुलांनो, तसा अर्ज त्या जंगलात आधी कुणी लिहिला नव्हता. त्यात बुजवलेलं तळं होतं. ढोलीतली तीन अंडी होती. ‘मला एक फांदी द्या, जिच्याखाली पाणी आहे आणि जिच्यावर माझी लेकरं निजतील’ असं शेवटचं वाक्य होतं. ते मला इतकं आवडलं, की मी तळ्याकाठी जाऊन पाण्यातल्या स्वतःच्या तोंडाला ते वाचून दाखवलं.

मंडळाच्या बैठकीत मी अर्ज वाचला. नीलाताई रडल्या. वानर रडले. पारवेसरांनी डोळे पुसले. 

मग नीलाताई म्हणाल्या, “साळिंदरभाऊ, हीच आपली नवी चिठ्ठी.”

आणि तसंच झालं. अर्जाच्या नकला काढल्या आणि प्रत्येक खोप्याला एकेक बांधली. खोप्यांना इतकी मागणी आली, की बाभळीच्या ज्या दोन फांद्या मोकळ्या होत्या त्याही माल टांगायला लागल्या. शेंड्यासकट.

मला काय वाटलं, म्हणाल तर खरं सांगतो. मला अभिमान वाटला. माझं लिखाण घराघरांत पोचलं होतं.

“फांदीचं काय?” चार दिवसांनी मी नीलाताईंना विचारलं. हळू आवाजातच.

“अहो, मलाही वाटतं द्यावी,” नीलाताई म्हणाल्या. “पण विचार करा. तिला घर झालं की ती खोपा पास करणार. पास केला की तो आपल्याला मिळणार नाही. एकीचं झालं की बाकीच्याही मागणार. सगळ्यांना घरं झाली तर त्यांच्या रोजगाराचं काय? आपल्याला त्यांचा रोजगार टिकवायचाय ना?”

हे वाक्य त्या इतक्या मायेनं बोलल्या, की मी मान डोलावली. घरी येऊन मला कळलं, की मी कशाला मान डोलावली. तोवर मान डोलावून झाली होती.

मी हौसाबाईला सांगितलं, “अर्ज विचाराधीन आहे.”

“मंजे?”

“म्हणजे सगळ्यांना फार आवडला.”

तिनं सोपानकडे पाहिलं. सोपान पहिल्यांदाच माझ्याशी बोलला. “वाचून कोन रडलं व्हतं?” त्यानं विचारलं.

“सगळेच.”

“आन् फांदी?”

मला त्या दिवशी दुसरं एक महत्त्वाचं काम होतं. मी निघून आलो.

ज्येष्ठ संपता संपता मंडळाचं मोठं प्रदर्शन भरलं. पाहुण्या म्हणून हत्तीणबाईसाहेब येणार होत्या. कार्यक्रमपत्रिका मी लिहिली. तिच्यात तिसरं कलम होतं, ‘कारागीर भगिनी हौसाबाई यांचं प्रत्यक्ष विणकाम’. हे कलम नीलाताईंनी घातलं होतं. विणतं कोण हे मला ठाऊक होतं, पण मी अक्षर वळणदार काढलं.

“पूर्ण खोपा विणायला वेळ लागेल,” नीलाताई म्हणाल्या. “तेव्हा अर्धा आधीच करून ठेवा. बाभळीवरच, सगळ्यांना दिसेल असा. उरलेला त्या सगळ्यांसमोर विणतील. हत्तीणबाईंनी तो आधीच घेऊन ठेवलाय.”

मी धावत सोपानकडे गेलो. “अर्धा खोपा,” मी म्हणालो. “बाभळीवर. शेंड्याला.”

सोपाननं माझ्याकडे पाहिलं. “शेंड्याला? पान्यावर?”

“फक्त प्रदर्शनापुरता.”

तो पुढचं ऐकायला थांबलाच नाही. त्यानं ते गवत कुठून आणलं कोण जाणे. आमच्या दालनात टांगलेले सगळे खोपे एकीकडे आणि तो अर्धा खोपा एकीकडे. तेव्हा मला कळलं, की इतके दिवस तो आम्हाला काय देत होता आणि काय देत नव्हता.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळपासून गर्दी होती. भाषणं झाली. हत्तीणबाईसाहेब माझी चिठ्ठी वाचून गहिवरल्या आणि त्यांच्या सोंडेतून आलेल्या गहिवरानं पुढच्या दोन रांगा भिजल्या. मग हौसाबाईला फांदीवर बसवलं. नीलाताई म्हणाल्या, “आता आपल्या भगिनी विणतील!”

हौसाबाईला विणता येत नव्हतं. तिनं जन्मात कधी विणलं नव्हतं. तिनं गर्दीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी पाटीकडे पाहिलं.

मग तिला जे येत होतं ते तिनं केलं. सुतळीनं बांधलेल्या पहिल्या खोप्यापाशी गेली, चोचीनं ओढला, हिसडा दिला आणि सोडून दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याला हिसडा दिला. टाळ्या. असे दालनातले सगळे खोपे तिनं लोकांसमक्ष नापास केले आणि लोकांना वाटलं, हीच कला.

शेवटी ती शेंड्यावरच्या अर्ध्या खोप्यापाशी आली. ओढून पाहिला. हिसडे दिले, एक, दोन, तीन. खालच्या पाण्याकडे बघितलं. मग आत शिरली आणि बसली.

बाहेर आलीच नाही.

“हौसाबाई?” नीलाताईंनी हाक मारली. “विणताय ना?”

आतून आवाज आला, “पास!”

आणि पानांआडून सोपान निघाला. सगळ्या जंगलासमोर, उजेडात, पिवळाजर्द. चोचीत गवत घेऊन तो खोप्याला लटकला आणि नळी विणायला लागला. पात्यामागून पातं, गाठीमागून गाठ. इतकं सुंदर काम मी कधी पाहिलं नव्हतं. कुणीही टाळी वाजवली नाही.

“पुरुष!” कुणीतरी ओरडलं.

“बाप्या विणतोय!”

हत्तीणबाईसाहेब म्हणाल्या, “म्हणजे माझ्या खोप्यात मातेचे अश्रू नाहीतच?” नीलाताईंचा चेहरा पडला. त्यांना खरंच दुःख झालं होतं. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “साळिंदरभाऊ, तुम्हाला हे ठाऊक होतं?”

मुलांनो, माझ्या पाठीवर इतके काटे आहेत, की वाघही दोन पावलं मागे सरतो. त्या सगळ्या काट्यांनिशी मी उभा राहिलो आणि म्हणालो, “मलाही आत्ताच कळतंय.”

त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. माझ्या सगळ्या लिखाणात ते एकच वाक्य मी कधी सुधारू शकलो नाही.

मंडळाची तातडीची बैठक झाली. फसवणूक केल्याबद्दल अकराही जोडप्यांची नावं यादीतून काढली. दालन बंद झालं. हत्तीणबाईसाहेबांनी आपला खोपा नाकारला, कारण त्यांना रिकामा हवा होता आणि या खोप्यात तर एव्हाना एक अंडं होतं. लोकांनी घरोघरचे खोपे काढून टाकले. नीलाताई कासवांकडे वळल्या. कासवांच्या पाठीवर रांगोळी फार छान उठते, असं त्यांच्या लक्षात आलं होतं.

काढून टाकल्याचं पत्र अर्थात मीच लिहिलं आणि मीच द्यायला गेलो. हौसाबाई खोप्याच्या तोंडाशी आली. मी पत्र वाचून दाखवलं.

“मंजे काय झालं, दादा?”

“म्हणजे मंडळाचा आता तुमच्याशी काही संबंध नाही.”

“आन् ह्या बाभळीचा?”

“दालनच बंद झालं. बाभळीचा आता कुणाशीच संबंध नाही.”

हौसाबाईनं मान वाकडी करून विचार केला. “मंजे परवानगी लागत न्हाय,” ती म्हणाली. मग तिनं बाकीच्यांना हाका मारल्या.

आठवडाभरात बाभळीच्या शेंड्याशेंड्याला खोपे झाले. लांब नळीचे, गोंडे नसलेले, तोंड खाली असलेले. सगळे पास. बुंध्यावरची पाटी कुणी काढली नाही, त्यामुळे हात कुणी लावत नाही.

बाजरीचं कणीस बंद झालं. त्याचं मी विचारलं, तेव्हा सोपान म्हणाला, “तळ्याकाटी किडं हायेत की.” किडे पहिल्या दिवसापासून तिथेच होते. पण आम्ही या पक्ष्यांना विणायला बसवलं होतं.

शेवटचं सांगतो आणि तुम्हाला सोडतो.

दालन आवरताना उरलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्याकडे आला. त्या पुरून टाकाव्यात म्हणून मी तळ्याकडे निघालो होतो. हौसाबाईनं वरून पाहिलं आणि खाली उतरली.

“दादा, ह्ये तुमी लिवल्यालं?”

“हो. तुमचा अर्ज आहे. फांदीचा.”

तिनं एक चिठ्ठी उचलली. तिला वाचता येत नाही, हे मला माहीत होतं. तरी वाटलं, काही म्हणेल. लेखक शेवटी लेखकच. ती चिठ्ठी तिनं चोचीनं ओढून पाहिली. दोन हिसडे दिले. जमिनीवर पसरली आणि वर बसून पाहिलं.

“पास,” हौसाबाई म्हणाली. “मऊ हाय.”

ती चिठ्ठी तिनं खोप्यात नेली आणि अंड्यांखाली अंथरली. पुढे तिची तीन पिल्लं तिच्यावरच वाढली. ‘माझी लेकरं निजतील’ या ओळीवर त्यातलं सर्वांत धाकटं रोज शी करत असे, असं सोपाननं मला मुद्दाम येऊन सांगितलं. एवढं लांब वाक्य तो त्याआधी कधी बोलला नव्हता.

मी सध्या कासवांच्या चिठ्ठ्या लिहितो.

तात्पर्य: निर्वासितांना स्वतःच्या पायावर उभं करायचं असेल, तर सर्वांत आधी त्यांना आपल्या यादीतून काढून टाकावं. तेवढं धैर्य नसेल तर त्यांच्यासाठी खुशाल अर्ज लिहावेत, फक्त ते मऊ कागदावर लिहावेत.